जिभेला दिसतं ते



महिन्यापूर्वी या व्याख्यानाचं निमंत्रण घेऊन वाचनालयाचे कार्यकर्ते दवाखान्यात आले, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, 'पडदा लागेल ना, डॉक्टर?' आम्हा दंतवैद्यांची तशी ख्यातीच आहे. आमच्यातलं कुणी बोलायला उभं राहिलं, की मागे किडलेल्या दाढांची हातभर चित्रं येतात आणि पुढच्या रांगेतली माणसं हातातला चहा खाली ठेवतात. मी पडदा नको म्हटलं. आज पहिल्या दोन रांगांत नजर नसलेले बरेच जण बसले आहेत, त्यांना त्याचा काही उपयोग नाही, हे एक कारण. दुसरं कारण म्हणजे, ज्यांच्या स्मृतीसाठी आपण जमलो आहोत त्यांनी मला एकदा सुनावलं होतं, 'डॉक्टर, जे तुम्हाला बोलून सांगता येत नाही, ते तुम्हाला कळलेलं नाही.' त्यांनी पस्तीस वर्षं गणित शिकवलं. हे वाक्य त्यांनी आधी किती पोरांना ऐकवलं असेल, कोण जाणे.

सगळं गाव त्यांना सर म्हणायचं. मीही सरच म्हणतो.

सरांची नजर गेली ती पन्नाशीनंतर, काचबिंदूनं. हा आजार कडेकडेनं खात येतो. आधी बाजूचं दिसेनासं होतं, मधलं बरेच दिवस शाबूत राहतं, त्यामुळे माणसाला पत्ताच लागत नाही. सरांना लागला तेव्हा उशीर झाला होता. निवृत्त झाले तेव्हा त्यांना डाव्या डोळ्यानं फक्त उजेड कळायचा, खिडकी कुठे आहे एवढा. तो टिकावा म्हणून थेंब चालू होते.

ते पहिल्यांदा माझ्याकडे आले, तेव्हा मला दवाखाना टाकून बारा वर्षं झाली होती आणि आपल्याला सगळं येतं असा माझा समज होता. त्यांचा मुलगा सोबत होता. मी मुलाकडे बघून विचारलं, 'यांना कुठे दुखतंय?' सर म्हणाले, 'दाढ माझी आहे.' मी ओशाळलो, पण शिकलो नाही. कारण पुढच्याच मिनिटाला मी पायानं कळ दाबली, खुर्ची मागे कलली आणि सरांनी माझं मनगट असं आवळलं, की घड्याळाचा पट्टा रुतला. डोळस माणसाला खुर्ची कलताना छत दिसतं, माझा हात दिसतो, आपण कुठे चाललोय ते कळतं. सरांना फक्त पाठीखालचा आधार सरकल्याचं कळलं. ते म्हणाले, 'पडलो असं वाटलं.' मग मी न सांगता पाण्याचा फवारा मारला. तोंडात पाणी आणि कानाशी ती थुंकी ओढणारी नळी घरघरतेय. त्या दिवशी मी फार काम केलंच नाही. दोष माझा होता, पैसे मात्र त्यांनी देऊ केले.

लहान मुलांच्या दंतोपचारात १९५९ सालापासून एक पद्धत रूढ आहे. मुलाला आधी सांगायचं, मग दाखवायचं, मग करायचं. अ‍ॅडलस्टन नावाच्या दंतवैद्यानं तिला नाव दिलं आणि आजही प्रत्येक विद्यार्थी ती घोकतो. नजर नसलेल्या माणसासाठी तिच्यात एकच शब्द बदलायचा असतो. दाखवायचं तिथे हाताला लावायचं. आरसा तोंडात घालण्याआधी त्याचा दांडा बोटांत द्यायचा. दात घासायची फिरती रबरी वाटी आधी नखावर फिरवायची, म्हणजे ती गुदगुल्या करते, कापत नाही, हे कळतं. नळी सुरू करण्याआधी 'आता आवाज येईल' म्हणायचं. खोलीतून बाहेर जाताना 'मी जातोय' असं सांगून जायचं, नाही तर बिचारा माणूस रिकाम्या खोलीशी बोलत बसतो. आणि खुर्चीपर्यंत नेताना त्याला दंडाला धरून ढकलायचं नाही. आपलं कोपर पुढे करायचं, तो धरेल आणि अर्धं पाऊल मागून चालेल. एवढंच. याला ना यंत्र लागतं ना अनुदान. मी हे एका रुग्णाच्या धाकानं शिकलो. दंत महाविद्यालयाच्या चार वर्षांत आणि वर्षभराच्या आंतरवासितेत मला हे कुणी शिकवलं नव्हतं.

आता सरांच्या तोंडात काय होतं ते सांगतो, कारण पुढचं सगळं तिथून निघतं.

दात नीट घासले जातात का ते पाहायला आम्ही रंगाची एक गोळी देतो. ती चघळून चूळ भरली, की जिथे किटण साचलंय तिथे गडद गुलाबी डाग उरतात. माणूस आरशात बघतो, त्याला लाज वाटते आणि तो घासायला लागतो. दुसऱ्या खेपेला सवयीनं मी सरांना ती गोळी दिली. त्यांनी चघळली, चूळ भरली, तोंड उघडलं.

'काय झालं?'

'गुलाबी झालं.'

'बरं. मग?'

या 'मग'ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मोठा आरसा हातात घेऊन मी उभा होतो आणि तो मी त्यांच्यासमोर धरलाही होता, हे आज कबूल करतो.

आमचं सगळं शास्त्र त्या आरशावर उभं आहे, हे मला त्या क्षणी जाणवलं. दातावर कीड सुरू होते ती खडूसारख्या पांढऱ्या डागानं. तो दिसतो, बोटाला लागत नाही. हिरडी आजारी पडते ती गुलाबीची लाल होऊन. हिरड्यांतून रक्त येतं ते प्रथम कुठे कळतं? बेसिनमधल्या फेसात. आपण दात घासून थुंकतो, फेस तांबूस दिसतो आणि आपण दचकतो. सरांना फेस दिसत नव्हता. त्यांच्या हिरड्यांतून निदान वर्षभर रक्त येत असणार. ते म्हणाले, 'मधूनमधून खारट लागायचं, मला वाटलं पेस्टच तशी.' आता मी प्रत्येक अंध रुग्णाला सांगतो, की चूळ भरताना लोखंडासारखी, खारट चव आली तर ते रक्त समजा आणि या. ही चव ज्याला एकदा ओळखू आली, त्याला बेसिनमध्ये डोकवायची गरज राहत नाही.

आणि दाढांच्या मुळाशी कीड. सरांच्या दातांचा माथा ठीक होता, पण हिरडीलगतच्या मानेवर जवळजवळ प्रत्येक दाताला खड्डा. मी गोड खाण्याबद्दल विचारलं तर म्हणाले, साखर सोडून वर्षं झाली. मग बोलता बोलता खिशातून डबी निघाली. खडीसाखर. तोंडाला फार कोरड पडते म्हणून दिवसभर एक खडा गालात. कोरड का पडते? काचबिंदूच्या काही थेंबांनी ती पडते, डोळ्यांत टाकलेलं औषध अश्रूंच्या वाटेनं नाकात आणि घशात उतरतं. लाळ हा दातांचा पहिला राखणदार, तो गेला आणि त्याच्या जागी खडीसाखर आली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी कोरड पडेल हे सांगितलंही असेल, पण दातांचं त्यांना कुठून सुचणार? आणि मी डोळ्यांच्या औषधांची चौकशी कधी केली होती? खडीसाखरेऐवजी पाण्याची बाटली, बिनसाखरेचं च्युइंगम आणि फ्लोराइडची पेस्ट यांच्यावर आम्ही गाडी आणली. खडीसाखरेची डबी मात्र त्यांनी टाकली नाही, नातवासाठी ठेवली. नातू माझा रुग्ण झाला, ती वेगळी गोष्ट.

इथे थोडे आकडे सांगतो, फार नाहीत. २०११च्या जनगणनेत दृष्टीचं अपंगत्व असलेल्या माणसांची नोंद ५० लाखांवर आहे. २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानं अंधत्वाचं प्रमाण ०.३६ टक्के धरलं, पण पन्नाशीपुढच्यांत ते जवळपास २ टक्के निघालं. म्हणजे आपल्याकडचा अंध माणूस बहुतेक वेळा म्हातारा असतो, मोतीबिंदूनं किंवा काचबिंदूनं नजर गेलेला, सरांसारखा. तो कधी अंधशाळेत गेलेला नसतो, त्याला ब्रेल येत नाही, पांढरी काठी धरायची त्याला लाज वाटते.

आणि आमचं संशोधन कुठे झालंय? बव्हंशी अंधशाळांत. त्याचं कारण साधं आहे. तिथे शंभर मुलं एका छताखाली सापडतात, मुख्याध्यापकांची परवानगी मिळाली की दोन दिवसांत सगळ्यांची तोंडं तपासून होतात. त्या अभ्यासांतून कीड सगळीकडे जास्तच असते असं दिसत नाही, पण किटण, हिरड्यांची सूज आणि उपचाराविना तशीच राहिलेली कीड या गोष्टी पुन्हापुन्हा दिसतात. गावात ओसरीवर बसलेला साठीचा अंध माणूस मात्र कुणाच्याच तक्त्यात येत नाही. त्याला शोधायला कोण जाणार?

अर्थात त्या शाळांमधल्या कामातून एक फार चांगली गोष्ट निघाली आणि ती आपल्या शेजारची आहे. बेळगावच्या डॉ. ममता हेब्बाळ आणि डॉ. अनिल अंकोला यांनी २०१२ साली अंध मुलांना दात घासायला शिकवण्याची एक रीत मांडली. आधी तोंडी समजावायचं, मग दातांचा मोठा साचा हातात देऊन त्यावर ब्रश फिरवायला लावायचा, मग मुलानं स्वतःच्या दातांवरून जीभ फिरवून फरक ओळखायचा आणि शेवटी स्वतः घासायचं. ऐकणं, चाचपणं, करणं. मी ही रीत वाचली ती सरांच्या त्या 'मग?' नंतर, काही वर्षांनी. वाचताना वाटलं, हे तर आम्ही दोघांनी रडतखडत शोधलं होतं. त्यांनी मात्र मोजूनमापून केलं, आणि शास्त्रात फरक तिथेच पडतो.

आता एक करा. नजर असो वा नसो, सगळ्यांनीच करा, तोंड बंद ठेवून करायचंय, शेजाऱ्याला कळणार नाही. जीभ खालच्या पटाशीच्या दातांच्या मागच्या बाजूला न्या. खरखरीत लागतंय? तिथे जिभेखालच्या लाळग्रंथींची तोंडं उघडतात, लाळेतले क्षार तिथेच आधी बसतात, म्हणून दगडासारखं किटण तिथे सर्वांत लवकर तयार होतं. आता वरच्या शेवटच्या दाढांकडे, गालाच्या बाजूला. जीभ मुश्किलीनं पोहोचते. तिथेही गालातून लाळेची नळी उघडते आणि तिथे ब्रश जात नाही, कारण तोंड मोठ्ठं उघडलं की गाल आवळला जातो. तोंड जरा मिटून घासा, जागा होते. झालं, एवढंच. तुम्ही आत्ता जे केलंत ते तुमच्या दातांचं परीक्षण होतं आणि त्यात डोळ्यांचा काही संबंध नव्हता.

जिभेला फार बारीक कळतं. दातात तिळाएवढा खड्डा पडला तरी तो जिभेला विहिरीएवढा वाटतो, हा सगळ्यांचाच अनुभव आहे. आणि दात तर त्याहून वरचढ. वरचे आणि खालचे दात मिटताना मध्ये २० मायक्रॉनची पन्नी आली तरी कळते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो. दाताच्या मुळाभोवती जो बारीक पडदा आहे, त्यातल्या मज्जातंतूंचं हे काम. दाढेत सिमेंट भरल्यावर आम्ही रंगीत कागद चाववून उंचवटा शोधतो. सरांनी त्या कागदाला कधी दाद दिली नाही. 'मागे, बाहेरच्या बाजूला, किंचित,' असं ते सांगायचे आणि मी तिथे घासल्यावर 'आता बसली' म्हणायचे. कागद नंतर तेच सांगायचा.

आमच्या धंद्यातलं एक गुपित सांगतो. हिरडीच्या आत, मुळावर जे किटण असतं, ते आम्हालाही दिसत नाही. तिथे आम्ही बारीक सळी घालतो आणि बोटाच्या टोकाला कळणाऱ्या खरखरीवर काम करतो. या कामात मुरलेले कितीतरी दंतवैद्य तेव्हा खिडकीबाहेर बघत असतात.

तर मग सरांनी गणिताच्या मास्तरासारखी दात घासायची सगळी योजना आखली. वरचा जबडा, खालचा जबडा. प्रत्येकाचे तीन भाग: उजवीकडचा, पुढचा, डावीकडचा. प्रत्येक भागाला बाहेरची आणि आतली बाजू. झाले बारा. प्रत्येकाला मनात दहा आकडे. 'बारा दाहे वीसाशे,' ते म्हणाले, 'तुमची दोन मिनिटं म्हणजे वीसाशे सेकंदच ना?' मग त्यांच्या लक्षात आलं, की चावायची बाजू राहिली. तिचे चार कोपरे वर. नेहमी उजवीकडच्या वरच्या दाढेपासून सुरुवात आणि तिथेच शेवट, म्हणजे मध्ये कुणी हाक मारली तरी कुठे होतो ते हरवत नाही. ब्रशचे केस हिरडी आणि दाताच्या सांध्यावर तिरके टेकवायचे, ही न्यू ऑर्लिन्सच्या चार्ल्स बास यांची रीत. बास हे मुळात दंतवैद्य नव्हतेच, ते फिजिशियन होते. तिरकं म्हणजे किती? सर म्हणाले, 'काटकोनाचा अर्धा. त्यात काय पाहायचंय!'

पेस्टचा प्रश्न त्यांनी आधीच सोडवला होता. ब्रशवर पेस्ट घ्यायला गेलं की निम्मी बेसिनमध्ये. म्हणून ते बोटावर वाटाण्याएवढी घेऊन सरळ पुढच्या दातांना लावायचे आणि मग ब्रश. आणि ट्यूबला रबरबँड. एकदा गुडघ्याचं मलम दातांना लागलं होतं, तेव्हापासून. ही चूक फार घरांत होते, लोक हसण्यावारी नेतात. पण दाढीचा साबण, मलम आणि पेस्ट यांच्या नळ्या हाताला सारख्याच लागतात, हे त्या बनवणाऱ्यांना कधी सुचत नाही. औषधाच्या पाकिटांचंही तेच. मी गोळ्या लिहून देतो तेव्हा एका पाकिटाचा कोपरा कापतो, दुसऱ्याला रबर लावतो आणि तसं सांगतो. दातांसाठी जो तांबूस द्रव चूळ भरायला देतो, त्याचं झाकण किती भरायचं ते बोट बुडवून दाखवतो. आणि हेही सांगतो, की याच्या रोजच्या वापरानं दात तपकिरी होतात. अंध माणसाला दात पिवळे झाले तरी काय फरक पडतो, असं मला एका समव्यावसायिकानं ऐकवलं होतं. सर रोज दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून फिरायला निघायचे. ते स्वतःला दिसावेत म्हणून निघत नव्हते.

आता दात आणि डोळा यांच्या त्या जुन्या भानगडीकडे येतो. तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय: वरचा दात काढला की नजर जाते. वरच्या दाताची शीर डोळ्याला जाते म्हणे. माझ्या दवाखान्यात आठवड्यातून एकदा तरी हे ऐकू येतं, शिकलेल्या माणसांकडूनसुद्धा. खरं असं, की दृष्टीची नस वेगळी, मेंदूतून निघणाऱ्यांतली दुसरी. दातांना जाते ती पाचवीची शाखा. दोघींचा मार्ग वेगळा, काम वेगळं. दात काढल्यानं नजर जात नाही.

मग समज आला कुठून? मला वाटतं, दोन गोष्टींतून. एक, दात पडायचं वय आणि मोतीबिंदूचं वय साधारण एकच. दुसरी, वरचा सुळा किडून त्यात पू झाला, की गाल सुजतो आणि सूज थेट डोळ्याखाली चढते, कधी डोळा मिटतो. लोकांनी पाहिलेलं खोटं नव्हतं, लावलेला अर्थ उलटा होता. डोळ्याला धोका असतो तो किडका सुळा तसाच ठेवण्यात, कारण त्या भागातल्या शिरांवाटे संसर्ग डोळ्यामागे जाऊ शकतो.

सरांचा वरचा डावा सुळा असाच कामातून गेला होता. काढायला हवा होता. सरांच्या पत्नी, काकू, म्हणाल्या, 'वरचा दात नका हो काढू, उरलंसुरलं जाईल.' मला वाटलं, सर गणिताचे, ते त्यांना समजावतील. सर गप्प बसले. मग म्हणाले, 'शक्यता शून्य आहे असं लिहून द्याल?' मी हसलो आणि लगेच वरमलो. ज्याच्याकडे खिडकीएवढाच उजेड शिल्लक आहे, तो पैज लावताना हजार वेळा विचार करणार. मी लिहून दिलं, माझ्या कागदावर, सहीनिशी. सुळा काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. 'खिडकी आहे तिथेच आहे.'

याच सुळ्याची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला रोममध्ये बेनेदेत्तो स्ट्रॅम्पेली नावाच्या नेत्रशल्यविशारदानं एक अचाट शस्त्रक्रिया केली. ज्यांचं बुबुळावरचं पारदर्शक पटल रसायनानं किंवा आजारानं पार नष्ट झालंय आणि कुणाचं दान केलेलं पटलही टिकत नाही, पण आतला पडदा आणि नस शाबूत आहे, अशांसाठी. रुग्णाचाच सुळा मुळासकट, भोवतालच्या हाडासकट काढायचा. त्याची पातळ चकती करायची, तिला भोक पाडून त्यात प्लास्टिकचं बारीक पारदर्शक भिंग बसवायचं. ही चकती काही महिने रुग्णाच्याच गालात, कातडीखाली पुरून ठेवायची, म्हणजे तिच्यावर मांस धरतं. गालाच्या आतली कातडी डोळ्यावर लावायची. आणि मग ती चकती डोळ्यात बसवायची. त्या भिंगातून माणसाला दिसतं. दात त्याचाच असल्यामुळे शरीर नाकारत नाही. आपल्या देशात चेन्नईच्या शंकर नेत्रालयात ही शस्त्रक्रिया होते. पण त्यासाठी मजबूत मुळाचा, निरोगी हिरडीचा एक तरी दात हवा. ज्याचे दात गेले त्याची ही वाट बंद होते.

मी हे सरांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, 'माझा सुळा तुम्ही फेकलात?' मी समजावलं, तुमचं पटल उत्तम आहे, गेली आहे ती आतली नस, तिला सुळ्याचा उपयोग नाही. 'तरी विचारायला काय हरकत होती,' म्हणाले.

डोळ्याचं पटल नष्ट करणारं हे रसायन म्हणजे आपल्याकडे बहुधा काय असतं, सांगू? चुना. तंबाखूबरोबर मिळणारी चुन्याची पुडी पोरं खेळायला घेतात, दाबतात, ती फुटते आणि डोळ्यात उडते. नेत्रतज्ज्ञांनी अशा कितीतरी केसेस लिहून ठेवल्या आहेत. आजोबांच्या खिशातली एकच पुडी आजोबांचं तोंड आणि नातवाचा डोळा, दोन्हींकडे जाते.

तंबाखूवर मी थांबणार नाही, ते तुम्ही पुष्कळ ऐकलंय. एकच मुद्दा. तोंडाच्या कर्करोगाची जी जाहिरात असते, ती सांगते आरशासमोर उभं राहा, पांढरा किंवा लाल चट्टा शोधा. अंध माणसानं काय शोधायचं? मिश्री लावणाऱ्या, गुटखा-तंबाखू खाणाऱ्या माणसानं आपल्याच हाताची मधली तीन बोटं उभी धरून तोंडात घालून पाहावीत. पुढच्या दातांमध्ये ती मावली तर ठीक. आधी मावत होती आणि आता दोनच जातात, तर आतली कातडी आखडतेय, ताबडतोब दाखवा. बोटानं गालाच्या आतून, जिभेच्या कडेनं चाचपा. दोरीसारखं कडक, गाठीसारखं, किंवा दोन आठवड्यांत न भरणारं काही लागलं तर तसंच. या परीक्षेला उजेड लागत नाही. खरं तर डोळस माणसानंही ती करावी.

मधुमेहाचंही असंच. त्यानं डोळ्यांचा पडदा खराब होतो आणि हिरड्याही खराब होतात. हिरड्यांच्या आजाराला मधुमेहाचा सहावा उपद्रव म्हणावं, असं १९९३मध्ये हॅरल्ड ल्यो यांनी मांडलं होतं. म्हणजे साखरेनं नजर गेलेल्या माणसाचं तोंड न तपासणं ही चूकच. आणि सुजलेल्या हिरड्यांनी साखर आणखी वाढते, असं हे चक्र आहे.

कवळीबद्दल दोन शब्द. वरच्या कवळीच्या पुढच्या कडेला मधोमध एक छोटी खाच असते, ओठाच्या आतल्या पट्टीसाठी. अंगठा त्या खाचेवर ठेवला, की पुढची बाजू कोणती ते कळतं आणि कवळी अंधारातही सुलटी बसते. धुताना बेसिनमध्ये टॉवेल पसरा, हातातून निसटली तर फुटणार नाही.

कायद्याबद्दल थोडं. २०१६चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, कलम २५. त्यात सरकारी आणि खासगी दोन्ही रुग्णालयांत अडथळाविरहित प्रवेश आणि उपचारात प्राधान्य सांगितलं आहे. हे मी अशा एका मोठ्या दवाखान्यात वाचून दाखवलं होतं, जिथे नोंदणीच्या खिडकीवर नंबर फक्त पडद्यावर झळकतो. तिथल्या बाईंनी मला विचारलं, 'मग यांच्यासोबत कुणी नाही का?' सर त्यांच्या समोरच उभे होते, संमतिपत्रावर अंगठ्याला शाई लावून. त्यांना सही करता येत होती, पस्तीस वर्षं प्रगतिपुस्तकांवर केली होती. कुणी विचारलंच नव्हतं.

शेवटची गोष्ट सांगतो आणि थांबतो.

सर गेले त्याच्या आदल्या वर्षी, त्यांच्या गल्लीतल्या एका मावशींची नजर गेली. मधुमेह. पन्नास वर्षं मिश्री. सरांनी त्यांना ओसरीवर बसवून घासायला शिकवायला घेतलं आणि मला बोलावलं. माझ्याकडचा मोठा साचा मी घेऊन गेलो. मावशींनी तो हातात घेऊन चाचपला आणि म्हणाल्या, 'अगं बाई, आत एवढं असतं?' मग आठवडाभर सर रोज समोर बसायचे, मावशी घासायच्या. मी शनिवारी गेलो तेव्हा मावशींचं घासून होत आलं होतं. सर भिंतीला टेकून बसले होते, मान किंचित कलती. मावशींनी चूळ भरली, खळखळून, पायरीच्या बाहेर टाकली.

सर म्हणाले, 'मावशी, वरची उजवी शेवटची राहिली. बाहेरची बाजू.'

'घासली की!'

'आवाज आला नाही तिकडून.'

मी बॅटरी काढली, आरसा काढला, मावशींचा गाल बाजूला धरला. त्या दाढेवर, गालाच्या बाजूला, किटणाची पिवळसर रेघ होती. मी काही बोललो नाही. ब्रश मावशींच्या हातात परत दिला.